गाणे कोणाचे, परवाना कोणाचा आणि यादी कोणाकडे

मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांसाठी संहिता लिहिणे आणि रंगमंचावर निवेदन करणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्या निमित्ताने मुंबईतल्या मंडळांच्या कार्यवाहांशी, खजिनदारांशी आणि नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांशी सतत बोलणे होते, आणि अलीकडे त्या बोलण्यात एक तक्रार ठरलेली असते: ‘कॉपीराइटवाले आता गाणेसुद्धा म्हणू देत नाहीत.’ पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहापासून मुलुंडच्या कालिदासपर्यंत कुठेही जा, मध्यंतरातल्या चहाबरोबर हा विषय निघतोच. तक्रारीत काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परवान्यांची आजची व्यवस्था खरोखरच किचकट आहे. परंतु या रागाचा रोख चुकतो आहे असे माझे मत आहे. ज्यांना आपण सरसकट ‘कॉपीराइटवाले’ म्हणतो त्यांच्यात तो गीतकारही असतो, ज्याचे कौतुक मी निवेदनात तोंडभरून करते, आणि तो संगीतकारही असतो, ज्याच्या चालीवर अवघे सभागृह ठेका धरते. त्यांचा वाटा त्यांच्या घरी पोहोचावा म्हणून जे थोडेसे करावे लागते, ते मराठी रंगमंचावर जवळजवळ कोणीच करत नाही.

मूळ घोटाळा असा की आपण गाण्याला एकच वस्तू समजतो. १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा तसे समजत नाही. त्याच्या दृष्टीने शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि ते गाणे ज्यात बंदिस्त झाले ते ध्वनिमुद्रण ही तिसरी, स्वतंत्र कृती. शिवाय १९९४ च्या दुरुस्तीने गायक-वादकांना त्यांच्या सादरीकरणावर वेगळा हक्क दिला. या प्रत्येकाचा मालक वेगळा असू शकतो आणि प्रत्येकाची मुदतही वेगळी असते. शब्द आणि चाल यांचे संरक्षण कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे टिकते. ध्वनिमुद्रणाचे मात्र ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षांत संपते.

हे कागदावर सोपे वाटते, पण प्रत्यक्षात त्याची गंमत मोठी आहे. अभंगांच्या कार्यक्रमाचे आयोजक मला हमखास सांगतात की तुकोबांच्या शब्दांना कसला आला परवाना. शब्दांपुरते त्यांचे म्हणणे बिनचूक आहे. सतराव्या शतकातल्या त्या शब्दांवर आज कोणाचाही हक्क नाही. परंतु श्रीनिवास खळे यांनी त्या अभंगांना लावलेल्या आणि लताबाईंनी गायलेल्या चाली या गेल्या शतकातल्या स्वतंत्र निर्मिती आहेत. खळेकाका २०११ साली गेले, तेव्हा त्या चालींवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत राहणार. तोच अभंग वारकरी फडावरच्या परंपरागत चालीत म्हटला, किंवा गायकाने स्वतः चाल बांधली, तर तो प्रश्नच उरत नाही. म्हणजे परवान्याचा निर्णय अभंग कोणाचा यावर होत नसून पेटीवाल्याने कोणती चाल धरली यावर होतो.

दुसरे उदाहरण याच्या उलटे आहे. गदिमांनी लिहिलेले आणि बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, स्वरबद्ध केलेले एखादे गीत १९६४ साली ध्वनिमुद्रिकेवर प्रथम प्रसिद्ध झाले असे धरू. त्या तबकडीवरचा हक्क २०२४ अखेर संपला. गदिमा १९७७ साली गेले, म्हणून शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. फडके २००२ साली गेले, म्हणून चालीवरचा २०६२ अखेरपर्यंत आहे. त्यामुळे ‘जुने गाणे आहे, आता मोकळे झाले असेल’ हा जो अंदाज आपण बांधतो तो तबकडीपुरताच खरा निघतो, आणि रंगमंचावर नव्याने गायले जाणारे गाणे तबकडीतले नसते. (ही ६० वर्षेसुद्धा पूर्वी ५० होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले; त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपायचा होता, तो संपू नये म्हणून १९९२ साली सर्वांचीच मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली. नाट्याचार्य खाडिलकरांची नाट्यपदे १९९८ ऐवजी २००८ अखेर मोकळी झाली ती अशी, शांतिनिकेतनच्या पुण्याईने.)

आता आयोजकांच्या रोजच्या व्यवहाराकडे येते. वादकांचा ताफा घेऊन गायक प्रत्यक्ष गातात तेव्हा शब्द आणि चाल यांचा वापर होतो, आणि त्यासाठी गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा (सगळे तिला ‘आयपीआरएस’च म्हणतात) परवाना लागतो. मूळ ध्वनिमुद्रण वाजवले तर ध्वनिमुद्रणाच्या मालकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि तिथे पीपीएल किंवा नोव्हेक्स अशा परवाने देणाऱ्या कंपन्यांची नावे पुढे येतात, कारण वेगवेगळ्या संगीत कंपन्यांनी आपले हक्क वेगवेगळ्या ठिकाणी सोपवलेले आहेत. खजिनदार वैतागतात ते इथे, आणि त्यांचे वैतागणे मला समजते. एका संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी दोन-तीन ठिकाणी पैसे भरायचे आणि त्यानंतरही कोणी चौथा नोटीस घेऊन येणार नाही याची खात्री नाही, ही स्थिती काही आदर्श म्हणता येत नाही.

मात्र याच कायद्यात हौशी मंडळांसाठी एक सवलत आहे आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते. हौशी क्लबाने किंवा संस्थेने तिकीट न लावता, ज्यांच्याकडून पैसे घेतलेले नाहीत अशा श्रोत्यांसमोर गाणी सादर केली, किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी ती सादर केली, तर तो हक्कभंग ठरत नाही. वसाहतीच्या सभागृहात कोजागिरीला रहिवासीच गाणार असतील तर कोणी घाबरण्याचे कारण नाही. परंतु हेच मंडळ पासांच्या नावाखाली देणगीमूल्य लावते, प्रायोजकाचा फलक मागे टांगते आणि व्यावसायिक गायक बोलावते, तेव्हा त्याला हौशी म्हणणे कठीण होते. आपल्याकडचे बरेच कार्यक्रम या दोन टोकांच्या मधोमध असतात आणि सोयीप्रमाणे कधी इकडचे, कधी तिकडचे होतात.

लग्नाच्या बाबतीतला वाद सध्या अधिक गाजतो आहे. कायद्याने खऱ्याखुऱ्या धार्मिक विधींना आणि सरकारी समारंभांना सवलत दिली आहे, आणि धार्मिक विधींत लग्नाची वरात व लग्नाशी संबंधित सामाजिक समारंभ यांचाही स्पष्ट समावेश केला आहे. असे असूनही लग्नांच्या आयोजकांकडे पैशांची मागणी होते अशा तक्रारी वाढल्यावर केंद्र सरकारने २०२३ च्या जुलैमध्ये एक सूचना काढून ती सवलत पाळण्यास सांगितले. त्यापाठोपाठ २०२४ च्या जानेवारीत गोवा सरकारनेही त्याच सवलतीविषयी परिपत्रक काढले, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले, कारण कायद्यातल्या सवलतीची व्याप्ती सरकार परिपत्रकाने वाढवू शकत नाही. दारातल्या मांडवात वाजणारा बँड आणि पंचतारांकित हॉटेलात तीन दिवस चालणारा, प्रवेशद्वारापासून नाचाच्या मंचापर्यंत कंपनीने रचलेला सोहळा यांना एकच मोजमाप लावायचे की नाही, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर प्रकरणागणिक न्यायालयातच मिळणार. गणपतीच्या आरतीबद्दल मला शंका वाटत नाही; मांडवात रात्री होणाऱ्या सशुल्क नृत्यस्पर्धेबद्दल मात्र धार्मिक विधी हा शब्द वापरताना जीभ अडखळते.

हे पैसे शेवटी कोणाच्या घरी जातात, हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागेल. १९६९ साली आयपीआरएस स्थापन झाली आणि तिने गीतकार-संगीतकारांच्या वतीने दरपत्रक जाहीर केले. चित्रपट निर्माते आणि चित्रपटगृहांचे मालक यांनी त्याला हरकत घेतली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. १९७७ साली न्यायालयाने निर्णय दिला की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच असतो. निकालाला जोडलेल्या टिपणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकांविषयी खंत व्यक्त केली होती, कारण तेव्हाच्या व्याख्येत लिहून काढलेली स्वररचना तेवढी संगीत ठरत होती आणि ज्या कंठातून ती ऐकणाऱ्यापर्यंत जाते त्याला कायद्यात जागाच नव्हती. स्वरलिपीपेक्षा गळ्यावर आणि स्मरणावर चालत आलेल्या आपल्या संगीताला ती व्याख्या मुळातच परकी होती. ती बदलायला १९९४ साल उजाडावे लागले. गायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह लताबाईंनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच धरला होता आणि त्यावरून रफीसाहेबांशी त्यांचे काही वर्षे गाणे बंद होते, हे संगीतरसिकांना माहीत आहेच. एकदा मानधन घेतले की गायकाचे काम संपले, ही रफीसाहेबांची भूमिका त्यांच्या स्वभावाला शोभणारी होती, पण व्यवहारात बरोबर लताबाईच होत्या असे मला वाटते.

१९७७ च्या निकालाचा परिणाम पुढे पस्तीस वर्षे टिकला. गीतकार आणि संगीतकार एकरकमी पैसे घेत, कागदावर सही करीत, आणि पुढे ते गाणे रेडिओवर, दूरचित्रवाणीवर, मोबाइलच्या रिंगटोनमध्ये कितीही वाजले तरी त्यांना काही मिळत नसे. २०१२ साली हे बदलले. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी हा विषय लावून धरला, आणि त्या वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात अशी तरतूद आली की गीतकाराने किंवा संगीतकाराने बाकीचे हक्क कोणालाही लिहून दिले, तरी रॉयल्टीतला समान वाटा त्याला सोडताच येत नाही. चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणे वाजते तेवढे सोडून इतर सर्व वापरांतून हा वाटा त्याला मिळायला हवा. तो त्याच्या वारसांना किंवा वसुलीसाठी संस्थेला देता येतो, आणि त्याविरुद्ध जाणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. गिरगाव-परळकडच्या मंडळींना हे चटकन उमजते: पागडीची खोली कितीही हात बदलली तरी घरमालकाचा हिस्सा प्रत्येक वेळी बाजूला काढावाच लागतो.

खासगी रेडिओ वाहिन्यांनी यावरही वाद घातला. आम्ही ध्वनिमुद्रणाच्या मालकाला पैसे देतो, तेव्हा त्यातल्या शब्दांसाठी आणि चालीसाठी वेगळे का द्यायचे, असा त्यांचा प्रश्न होता. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मनीष पितळे यांनी २०२३ च्या एप्रिलमध्ये या प्रश्नाचे उत्तर दिले आणि २०१२ नंतर गीतकार-संगीतकारांचा वाटा द्यावाच लागेल असे प्रथमदर्शनी मत नोंदवले. मराठी वर्तमानपत्रांत या निकालाची जी बातमी आली ती आतल्या पानावर, आणि मराठी गीतकारांच्या वर्तुळात त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

कारण आपल्या गीतकारांपैकी बऱ्याच जणांना आपल्या करारात काय लिहिले आहे हेच माहीत नसते. माझ्या परिचयातले एक ज्येष्ठ कवी आहेत, त्यांना मी काका म्हणते. त्यांची भक्तिगीते एका कंपनीने ध्वनिमुद्रित केली होती आणि ती बऱ्यापैकी चालली. एकदा त्यांनी तो करार माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “बघ गं, यात माझं काही उरलंय का?” स्टॅम्प पेपरला जोडलेली इंग्रजीतली सात-आठ पाने, प्रत्येक पानाच्या खाली काकांची वळणदार सही, आणि मजकुरात असे की गीतकाराने आपले समस्त हक्क, आज ज्ञात असलेल्या आणि पुढे कधीही शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांसाठी, अवघ्या विश्वात, कायमस्वरूपी कंपनीला दिले आहेत. मोबदल्याच्या जागी शाईच्या पेनने लिहिलेली रक्कम इतकी लहान होती की तिच्यापेक्षा त्या कागदपत्रांचाच खर्च जास्त आला असेल. विश्वातल्या इतर ग्रहांवर मराठी भक्तिगीते कोण ऐकणार, असे मी विनोदाने म्हटले, पण काकांना हसू आले नाही.

करार मी एका वकील मैत्रिणीला दाखवला. तिने सांगितले ते असे. पुढे शोधल्या जाणाऱ्या माध्यमांबद्दलचा मजकूर पोकळ आहे, कारण २०१२ पासून कायदा म्हणतो की करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा नाव घेऊन उल्लेख नसेल तर त्याचा हक्क हस्तांतरित होत नाही. करारात मुदत लिहिलेली नसती तर ती पाच वर्षे धरली गेली असती, आणि प्रदेश लिहिलेला नसता तर भारतापुरता. इथे दोन्ही लिहिलेले असल्यामुळे त्या वाटेने सुटका नाही. परंतु रॉयल्टीतला समान वाटा काकांनी सोडला असे लिहिलेले कलम तर सरळ रद्दबातल, कारण करार २०१२ नंतरचा होता. मग तिने काकांना विचारले, “तुम्ही आयपीआरएसचे सभासद आहात का?” काकांनी ते नाव प्रथमच ऐकले होते.

सगळी गोम इथेच आहे. कायद्याने वाटा राखून ठेवला, पण तो घरपोच आणून देण्याची सोय केली नाही. गीतकाराने किंवा संगीतकाराने सभासद व्हायचे, आपल्या गीतांची नोंद संस्थेत करायची, आणि कर्ता हयात नसेल तर वारसांनी हे करायचे. २०१२ नंतर आयपीआरएसच्या कारभाराविषयीच बरेच वाद झाले, नव्या कायद्याखाली तिची नोंदणी २०१७ साली झाली, आणि त्यानंतर कुठे गीतकारांच्या हातात नियमित पैसे पडू लागले. सर्वसाधारण वाटणीत निम्मे पैसे प्रकाशकाकडे म्हणजे बहुधा संगीत कंपनीकडे जातात, आणि उरलेल्या निम्म्यात गीतकार व संगीतकार अर्धे-अर्धे. हिंदीतल्या मंडळींनी हे लवकर हेरले. मराठीत मात्र भावगीतांच्या सुवर्णकाळातल्या किती कवींच्या मुला-नातवंडांना आपल्या कपाटातल्या त्या वह्यांमधून आजही काही उत्पन्न होऊ शकते याची कल्पना असेल, याविषयी मला शंका आहे.

सभासद होऊनही एक अडचण उरते, आणि ती आमच्या हातातली आहे. आयोजकाने परवान्याचे पैसे भरले, पण त्या संध्याकाळी कोणती गाणी झाली हे संस्थेला कळलेच नाही, तर ते पैसे कोणाला द्यायचे? रेडिओ आणि संगीताची ॲप्स यांच्याकडे प्रत्येक गाण्याची यांत्रिक नोंद असते. नाट्यगृहातल्या कार्यक्रमाची नोंद माणसानेच द्यावी लागते. ती नसेल तर संस्थेने इतर ठिकाणच्या वापरावरून अंदाज बांधायचा, आणि असा कोणताही अंदाज ज्याचे गाणे सगळीकडे वाजते त्याच्याच बाजूने झुकणार. शिवाजी मंदिरात तीन तास मराठी भावगीते गायली गेली, आयोजकाने रीतसर पैसे भरले, आणि वाटप मात्र त्या वर्षीच्या गाजलेल्या हिंदी गाण्यांच्या प्रमाणात झाले, असे होऊ शकते. मग आयोजक म्हणतो की पैसे कुठे जातात कोण जाणे, आणि कवीचा मुलगा म्हणतो की आम्हाला तर कधी काही आले नाही. दोघांचेही खरे असते.

वास्तविक अशी यादी प्रत्येक कार्यक्रमात असते. संवादिनीवाल्याच्या पुढ्यात, तबल्याच्या बाजूला, ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याच्या टेबलावर आणि माझ्या हातातल्या पॅडवर तिची एकेक प्रत असते. तिच्यात गाण्याचा मुखडा, गायकाचे नाव, पट्टी आणि ठेका लिहिलेला असतो: ‘काळी दोन, दादरा’. नसतात ती फक्त गीतकार-संगीतकारांची नावे, कारण वादकांना त्यांचा उपयोग नसतो. ती माझ्या संहितेत असतात. म्हणजे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवले की हवी ती सगळी माहिती तयार होते, आणि कार्यक्रम संपल्यावर दोन्ही कागद बिसलेरीच्या बाटल्यांबरोबर झाडून टाकले जातात.

आकाशवाणीवर गाणे लावण्यापूर्वी गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे सांगण्याची शिस्त होती; माझ्या पिढीला कवींची नावे पाठ झाली ती त्या शिस्तीमुळे. आजच्या ॲपवर मराठी गाणे शोधले तर गायकाचे नाव ठळक, अल्बमचे नाव ठळक, आणि गीतकाराचे नाव कधी दुसऱ्या पडद्यावर, कधी चुकीचे, कधी नाहीच. आपल्या कृतीचा कर्ता म्हणून नाव लावले जाणे हा कायद्याने दिलेला वेगळा हक्क आहे. सगळे आर्थिक हक्क विकून टाकले तरी तो कर्त्याकडेच राहतो. पण जिथे नावच नोंदलेले नाही तिथे रॉयल्टी तरी कोणत्या पत्त्यावर जाणार?

समाजमाध्यमांवरच्या कॉपीराइटविषयी विचारणा खूप होते, तेव्हा तेही थोडक्यात सांगते. तीस सेकंदांपर्यंत गाणे वापरले तर चालते, असा नियम भारताच्या कायद्यात कुठेही नाही. तो समज कुठून आला कोण जाणे, पण पनवेलपासून विरारपर्यंत सगळ्यांना तो पाठ आहे. व्हिडिओखाली ‘हक्कभंगाचा हेतू नाही’ असे लिहिल्यानेही काही होत नाही. यूट्यूबवर दावा आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यांत्रिक तुलनेतून येणाऱ्या दाव्यात बहुधा व्हिडिओ तसाच राहतो आणि जाहिरातींचे पैसे दावेदाराकडे जातात. स्ट्राइक म्हणजे मालकाने व्हिडिओ काढायला लावणे, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर वाहिनीच बंद होऊ शकते. हे यंत्र नेहमी बरोबर असते असे मुळीच नाही. आमच्या ओळखीच्या एका भजनी मंडळाने पारंपरिक आरती स्वतःच्या पेटी-तबल्यावर गाऊन एका व्हिडिओ संकेतस्थळावर चढवली, तर तिच्यावर एका संगीत कंपनीचा दावा आला, जणू ती आरती त्यांनीच रचली होती. शब्द मोकळे, चाल परंपरेची, ध्वनिमुद्रण मंडळाचे स्वतःचे. दाव्याला कशाचाच आधार नव्हता. मंडळाने हरकत नोंदवली आणि दावा मागे घेतला गेला. पण बहुतेक मंडळे हरकत घेतच नाहीत. नोटीस इंग्रजीत असते आणि ‘कॉपीराइट’ हा शब्द दिसला की आपणच गुन्हा केला असे समजून ते व्हिडिओ काढून टाकतात.

नव्या गीतकारांना एक गोष्ट आवर्जून सांगते. कॉपीराइटची नोंदणी केली नाही तरी हक्क निर्माण होतोच. २०२१ साली न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुंबई उच्च न्यायालयात हे पुन्हा स्पष्ट केले. तरी गीत किंवा चाल यांची नोंदणी एका कृतीला ५०० रुपयांत होते आणि वादाच्या वेळी पुराव्याला उपयोगी पडते. चाल लहान आहे म्हणून ती चोरण्यासारखी नाही असेही नाही. संगीतकार राम संपत यांनी मोबाइलच्या जाहिरातीसाठी केलेली छोटीशी धून एका हिंदी चित्रपटाच्या गाण्यांत वापरली गेल्याची तक्रार २००८ साली मुंबई उच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्यायालयाने चित्रपट त्या गाण्यांसह प्रदर्शित करण्यास मनाई केली आणि निर्मात्यांना दोन कोटी रुपये देऊन तडजोड करावी लागली.

कृत्रिम बुद्धिमत्तेने गायकाचा आवाज उचलण्याचा प्रकार आता सुरू झाला आहे. अरिजित सिंग यांना २०२४ साली आणि आशाताईंना २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्ध संरक्षण दिले, ते मुख्यतः व्यक्तिमत्त्वाच्या हक्काच्या आधारे, कारण स्वामित्वहक्काच्या कायद्यात नुसत्या आवाजाला जागा नाही. मोठ्या गायकांकडे वकील आहेत. ज्या कवितांवर आणि चालींवर ही यंत्रे शिकवली जातात त्यांच्या कर्त्यांचे काय, हा प्रश्न मला अधिक भेडसावतो, आणि त्यावर इतक्यात काही लिहिण्याइतकी माहिती कोणाच्याच हाती आलेली नाही.

मी माझ्यापुरते इतके केले आहे की संहितेबरोबर गाण्यांची एक वेगळी यादी करते: मुखडा, गीतकार, संगीतकार, मूळ गायक. परवाना घेतलेला असेल तर आयोजकाने ती संस्थेला पाठवावी असा माझा आग्रह असतो. एका खजिनदारांनी विचारले, “मॅडम, पैसे भरले ना, आता यादीचं काय घेऊन बसलात?” मी त्यांना त्या दिवशी गायलेल्या गीतांच्या कवींची नावे वाचून दाखवली. त्यातल्या एका कवीच्या सूनबाई त्यांच्याच इमारतीत राहत होत्या, हे त्यांना तेव्हा कळले, आणि यादी त्यांनी घेतली. नावांचे स्पेलिंग ही नवी डोकेदुखी आहे. एकाच मराठी आडनावाची रोमन लिपीत तीन रूपे होतात आणि संगणकाला ती तीन माणसे वाटतात, म्हणून मुखडा आणि नावे मी दोन्ही लिपींत लिहिते, आणि गीतकाराचे कुटुंबीय सभासद असतील तर संस्थेत नोंदलेले स्पेलिंग त्यांच्याकडूनच मागवून घेते. काकांच्या गीतांची नोंद आता झाली आहे; दोन गीतांपुढे अजून दुसऱ्याच कवीचे नाव आहे आणि ते दुरुस्त करण्यासाठी मूळ ध्वनिफितीच्या वेष्टनाची छायाप्रत मागितली आहे. ते वेष्टन कोणाकडे असेल तर शोध चालू आहे.